शोरूमवरचा झोत

माझी थोरली मावशी अंधाराला भ्यायची. हे कुणाला सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, त्यात काय, आम्हीही भितो. तसं नव्हतं ते. दिवेलागणीच्या आधी ती घरभर फिरून प्रत्येक बटण दाबून बघायची. वीज गेली तर ती जवळच्या माणसाचा दंड असा धरायची की वळ उठायचे. लहानपणी मी तिच्याच खोलीत झोपायचे. डोक्यावर रात्रभर ट्यूब चालू. मला उजेडात झोपायची इतकी सवय लागली की पुढे लग्नानंतर नवऱ्याने हात टेकले. शेजारची पोरं तिला ट्यूबमावशी म्हणायची. तिला ते माहीत होतं. "बल्बमावशीपेक्षा बरं," म्हणायची, "बल्ब लवकर जातो."

यामागची गोष्ट मला आधी आईने सांगितली, आणि पुढे एकदाच मावशीने स्वतः. तरुणपणी ती फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती. पेट्या उघडायच्या, नासकी फळं वेगळी काढायची, पेट्या परत थप्पीला लावायच्या. आतल्या दिव्यांची बटणं दाराबाहेर. एका संध्याकाळी ती थप्पीमागे वाकलेली असताना मुकादमाने खोली रिकामी समजून दिवा बंद केला आणि दार लोटलं. आतून उघडायचा दांडा बर्फाने जाम झालेला. ती ओरडली, पण त्या जाड दारातून आवाज बाहेर जात नाही, आणि उरलासुरला मशीनच्या घरघरीत बुडतो. सकाळची पाळी येईपर्यंत ती आत होती.

"थंडीचं काही नाही गं," ती मला म्हणाली होती. "गोणपाटं होती, ती अंगावर घेतली. भिंत चाचपत गोल गोल फिरत राहिले, दार सापडावं म्हणून. पण आत कुणीतरी होतं. मी श्वास घेतला की ते सोडायचं. मी थांबले की तेही थांबायचं. आधी लांबच्या थप्पीमागे होतं, मग जरा जवळ आलं. सकाळी दार उघडलं तेव्हा खोलीत फळांशिवाय काही नव्हतं, हे मला दिसलं की. पण दिसून काय उपयोग? सगळी रात्र मी त्याच्याबरोबर काढली होती ना."

त्यानंतर तिने फक्त दिवसाची कामं धरली. एकदा लग्न ठरलं आणि मोडलं. रात्री दिवा चालू राहील, एवढीच तिची अट होती. मुलाच्या घरच्यांना ती ऐकूनच धडकी भरली. मग ती आमच्याकडे राहिली ती राहिलीच. कपडे शिवायच्या कारखान्यात तिची बरीच वर्षं गेली. तो बंद पडला तेव्हा ती पन्नाशीला आली होती, आणि गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेटवर बसायचं काम तेवढं मिळत होतं. वेळ दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत. संध्याकाळ म्हटल्यावर ती नाहीच म्हणत होती. आईने तिला नुसतं बघून यायला पाठवलं.

परत आली ती चेहरा फुलवून. "अगं, तिथे सावलीसुद्धा पडत नाही!"

खरंच पडत नव्हती. शोरूम तिन्ही बाजूंनी काचेचं, आत पांढरे दिवे. बाहेरच्या आवारात गाड्यांच्या रांगा, आणि त्यांच्यावर उंच खांबांवरचे हॅलोजन. गाड्यांचे रंग उठून दिसावेत म्हणून रात्रीचा दिवस केलेला. मागच्या भिंतीपलीकडे मात्र तळं होतं, लांबवर पसरलेलं, वेताच्या बेटांचं, काळंकुट्ट. मावशी तिकडे बघायची नाही. ती गेटचा आडवा दांडा वर-खाली करायची, येणाऱ्याला गाडी कुठे लावायची ते सांगायची, दुकान बंद झालं की गेटला कुलूप घालायची आणि स्टाफच्या गाडीने घरी यायची. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग शोरूमच्या वाढदिवसाला मालकाने छतावर झोत बसवला. सरळ आभाळात जाणारा, जाड, पांढरा. तो आमच्या घरातूनही दिसायचा. मावशीने पहिल्या दिवशी आईला फोन केला. "खिडकीत ये. दिसतोय का? त्याच्या बुडाशी मी बसलेय."

थोड्याच दिवसांत झाडूवालीने तिला एक पिशवी उघडून दाखवली. आत मेलेली पाखरं होती, चिमणीएवढी. रोज सकाळी काचेखाली सापडतात, झाडूवाली म्हणाली. मावशीने पिशवीत डोकावलं आणि तोंड फिरवलं. काचेवर तिला एक राखाडी ठसा दिसला, पसरलेल्या पंखांचा, पीस न् पीस मोजता येईल असा. ओल्या फडक्याने तिने तो पुसून टाकला.

त्या पाखरांसाठीच एक मुलगी शोरूममध्ये यायला लागली. कॉलेजात शिकवायची आणि उरलेला वेळ तळ्याच्या चिखलात घालवायची. बूट नेहमी बरबटलेले. सगळे तिला पाखरंवाली म्हणायचे. तिचं म्हणणं साधं होतं. वर्षातून दोनदा, काही आठवडे, पाखरं रात्रीच्या वेळी उडून मुक्काम बदलतात आणि अशा उजेडात वाट चुकतात. त्या दिवसांत झोत बंद ठेवा, खांबावरच्या दिव्यांना वरून झाकणं लावा, दुकान मिटलं की आतले दिवे घालवा.

मालकाने तिला चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, अंधारात गाडी कोण घेतो?"

ती बाहेर आली ती गेटवर मावशीशी बोलायला थांबली. मेलेली पाखरं कुठली ते सांगायला लागली. "यांना वटवट्या म्हणतात, मावशी."

"म्हणजे आमच्यातलीच," मावशी म्हणाली. पण पुढचं ऐकल्यावर तिचं हसू मावळलं. "दिवे घालवा म्हणतेस? तू इथे संध्याकाळी एकटी बसून दाखव. माणसाचा जीव जीव नाही का?"

"घालवू नका ना. खाली आणा. पायाशी उजेड राहू द्या, आभाळात कशाला?"

मावशीच्या कानात काही शिरत नव्हतं. भ्यालेल्या माणसाला दिवे घालवा एवढंच ऐकू येतं. जाता जाता पाखरंवाली म्हणाली, "एक लक्षात ठेवा. धुक्याच्या दिवशी पाखरं झोताभोवती फिरायला लागली, तर थांबू नका. सगळं बंद करा, लगेच. मग त्यांना वाट सापडते."

"बरं बरं," मावशी म्हणाली, आणि त्याच दिवशी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आली की दिवे कमी केले तर मी काम सोडीन. मालक खूश. येईल त्याला सांगायचा, "आमच्या गेटचंही हेच मत आहे."

ते धुकं सुट्टीच्या दिवशी उतरलं. शोरूममध्ये सवलतीची जाहिरात होती, आवार भरलेलं, लोक पोराबाळांना घेऊन आलेले. नुकता अंधार पडला होता. तळ्यावरून धुकं भिंत ओलांडून आत आलं आणि गाड्यांच्या चाकांना लागलं. वर झोत त्या धुक्यात अडकला. शोरूमच्या डोक्यावर पांढरं छत घातल्यासारखं दिसायला लागलं.

आधी आवाज आले. चिक्, चिक्, नळ गळावा तसे. मग ते इतके वाढले की एकमेकांत मिसळून गेले. मावशीने वर पाहिलं. पांढऱ्या छताखाली काहीतरी भिरभिरत होतं. जळलेले कागद, तिला वाटलं. कुठे आग लागली म्हणून ती उठली, आणि तिच्या केबिनच्या पत्र्यावर टप् झालं. मग समोरच्या गाडीच्या बॉनेटवर. मग मोजता येईना.

ती सगळी पाखरं होती. हजारो. सगळी एकाच दिशेने, गोल गोल, चोची उघड्या. काही खांबांच्या तारांवर आपटत होती, काही काचेवर. आत प्रत्येक धडकेला माणसं दचकून मागे सरत होती. एक लहान मुलगी किंचाळत नव्या गाडीखाली शिरली आणि बाहेर येईना. गाड्यांवर पाखरं पडली तसे गाड्यांचे अलार्म सुरू झाले, एकापाठोपाठ एक, सगळं आवार कोकलायला लागलं. एक बाई हातातलं बाळ ओढणीत गुंडाळून आडोसा शोधत पळत होती आणि तिच्या पायाखाली काय येतंय ते तिला कळत होतं, म्हणून रडत होती.

एक पाखरू मावशीच्या छातीवर येऊन आदळलं आणि स्वेटरला चिकटून राहिलं. तिने झटकलं. सुटेना. नखं लोकरीत अडकलेली. त्याचं काळीज तिच्या काळजावर धडधडत होतं. "डोळे उघडे होते गं," ती पुढे मला म्हणाली, "पण ते मला बघत नव्हते. मी कशी भिंत चाचपत फिरत होते, तशी ती फिरत होती. दार शोधत होती. म्हटलं, ही कोंडली गेलीत."

ती धावत शोरूमच्या दारात गेली आणि मॅनेजरबाईंना ओरडून म्हणाली, "दिवे बंद करा! सगळे!"

"वेड लागलं का तुम्हाला? एवढी माणसं आहेत!" मॅनेजरबाई मालकाला फोन लावत होत्या. मालक फोन उचलत नव्हता.

स्विचची खोली इमारतीच्या मागे होती, तळ्याच्या अंगाला. मावशी कधी तिकडे फिरकली नव्हती. चावी मात्र गेटच्या जुडग्यात असायची. ती भिंतीला धरून मागे गेली. अंगावर पाखरं पडत होती, आणि वळणावरून उजेड मागे राहिला तशी पावलं जड व्हायला लागली. कुलूप उघडून ती आत शिरली. आत छोटा बल्ब होता, मशीनची घरघर होती. तीच घरघर, कोल्ड स्टोरेजमधली. झोताचं नाव लिहिलेलं बटण तिने खाली ओढलं. मग खांबांचं. काचेवरच्या धडका थांबेनात. शोरूम आतून झगझगत होतं. तिने मुख्य दांड्याला दोन्ही हात घातले आणि तो खाली ओढला.

बल्बही गेला. घरघर थांबली. स्प्रिंगचं दार तिच्या मागे आपोआप मिटलं.

पुढचं तिने मला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. दार मिटल्यावर बाहेरचा गोंगाट लांब गेला, खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत ते होतं. तिने श्वास घेतला की सोडणारं. एवढ्या वर्षांनी, तेच. तिच्या डाव्या हाताला, मीटरच्या पेटीजवळ. दांडा अजून तिच्या मुठीत होता. वर केला की लख्ख. एवढंच करायचं होतं. वर कर, वर कर, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं.

बाहेरून दारावर थापा पडल्या. वायरमन होता, मॅनेजरबाईंनी पाठवलेला. "मावशी! उघडा! लोक घाबरलेत!"

दार उघडलं तर हा दिवे लावणार. मावशीने चाचपत आतली कडी शोधली आणि ती सरकवली. अंधारात, त्या श्वासाबरोबर, तिने स्वतःला आतून कोंडून घेतलं.

"बाहेर काढ त्यांना," ती ओरडली. "दारं हाताने उघडतात!"

दारांजवळ आणि पायऱ्यांवर बॅटरीचे लहान दिवे होते, ते लागले होते. माणसं एकमेकांचे हात धरून बाहेर आली, मुलीलाही तिच्या बापाने गाडीखालून ओढून काढलं. वायरमन तरी थापा मारतच होता. आत मावशीने स्वेटरची बाही दातांत धरली होती. मग ती त्या दुसऱ्याशी बोलली. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. वायरमनने दारातून ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. ती म्हणत होती, "तू तिथेच थांब. पुढे येऊ नकोस. मीही इथेच थांबते."

किती वेळ गेला हे तिला सांगता येत नव्हतं. मग थापा थांबल्या. वायरमनचा आवाज आला, हळू, वेगळाच. "मावशी. वर जातायत."

"सगळी?"

"दिसत नाही काही. पण आवाज लांब लांब जातोय."

तिनेही कान दिला. भोवऱ्यासारखा फिरणारा तो कलकलाट सुटला होता, फाकत फाकत वर चढत होता. मग एकेकटी चिक्. मग अलार्म तेवढे उरले.

तिने कडी काढली आणि दारातच खाली बसली. वायरमनने मोबाइलचा दिवा जमिनीकडे धरला.

मॅनेजरबाईंनी मला फोन केला होता. मी पोचले तेव्हा मालकही पोचला होता. "कुणाला विचारून?" तो ओरडत होता. "कुणाला विचारून माझं दुकान बंद केलं?" उद्यापासून येऊ नका, असं सांगून तो गाड्यांकडे वळला आणि चालता चालता थबकला. पाय कुठे टाकावा ते त्याला कळेना. आवारभर पाखरं पडली होती, बॉनेटवर, वायपरमध्ये अडकून, चाकांखाली. पाखरंवाली खोकी घेऊन आली होती आणि हलणारी तेवढी गोळा करत होती. तिने मावशीच्या स्वेटरमधून ते पाखरू नख एक एक सोडवून काढलं आणि खोक्यात ठेवलं. ते जगलं नाही.

घरी मावशीने तीन दिवस अंथरूण सोडलं नाही. कपबशीचा आवाज झाला तरी दचकायची. टप् म्हटलं की ती वर बघायची.

मालकाचं मन पालटलं, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी चित्रण केलं होतं, ते सगळीकडे फिरलं, आणि शोरूमचं नाव निघालं की लोकांना गाड्या नाही, पाखरं आठवायला लागली. आठवड्याने मॅनेजरबाई मावशीला परत बोलवायला आल्या. झोत उतरवला होता. खांबावरच्या दिव्यांना टोप्या घातल्या, त्यांचा पांढरा उजेड पिवळा झाला, आणि दुकान बंद झालं की काचेआडचे दिवे जात. मालक अजून म्हणतो, "आमच्याकडच्या अंधाराला गेटवरची बाई जबाबदार."

त्या रस्त्यावरच्या सगळ्याच दुकानांसाठी नियम करायचा की नाही, म्हणून पुढे नगरपालिकेत सभा झाली. पाखरंवालीने मावशीला बोलायला लावलं. मावशी उभी राहिली, माइक बघून पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. "मला अंधाराची फार भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही दिवे काढले तर मी मरेन. मला गेटवर दिवा पाहिजेच. पण तो माझ्या पायाशी द्या. वर कुणी बसत नाही आपलं." लोक हसले. दुकानदारांनी खूप वाद घातला, चोऱ्या होतील म्हणाले, सभा पुढे ढकलली गेली, असं दोनदा झालं. शेवटी नियम झाला: पाखरांच्या आठवड्यांत वर जाणारा उजेड नाही, आणि दुकान मिटल्यावर पाट्यांचे दिवे बंद.

लोकांना वाटतं, त्या संध्याकाळी मावशीची भीती गेली. छे. वाढली. आधी एकाच खोलीची भीती होती, आता दोन खोल्यांची झाली. पाखरांचे आठवडे आले की ती आवारात बसायची, गुडघ्याएवढ्या उंचीच्या, झाकण घातलेल्या दिव्याशेजारी, आणि तळव्यांना घाम फुटलेला असायचा. दिवसाची पाळी तिने मागितली होती, मिळाली नाही. कधी पाखरंवाली सोबतीला येऊन बसायची. कधी मावशी मला फोन लावायची आणि म्हणायची, "काही सांग. काहीही सांग." मी भाजी काय केली, धाकट्याने काय फोडलं, ते सांगत राहायचे.

शोरूमच्या पुढे एक टायरचं गोदाम आहे. त्याचा मालक नियमाला दाद देत नव्हता. त्याचे हॅलोजन तळ्यावर तसेच रोखलेले. गेल्या वर्षी, मावशी कामावरून निवृत्त झाल्यावर, पाखरंवाली आणि ती त्याच्याकडे गेल्या. मीही बरोबर होते. तो म्हणाला, कुत्री येतात, चोर येतात, उजेड पाहिजे. मावशी म्हणाली, "मी पण तेच म्हणायचे." मग खुर्चीत बसून तिने त्याला ती संध्याकाळ सांगितली, स्विचच्या खोलीतलं सोडून बाकी सगळं. तो टायरवर बोट फिरवत ऐकत होता. "बघू," म्हणाला. नोकराला हाक मारून त्याने तळ्याकडचे दोन दिवे घालवून दाखवले. बाकीचे सकाळी बघतो म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो तर बसथांब्यापर्यंतचा सगळा रस्ता काळा. शोरूम मिटलेलं, पाट्या गेलेल्या, आणि आता गोदामाचीही ती बाजू विझलेली. मावशी दारातच थांबली. पाखरंवालीने टॉर्च काढला, जमिनीवर धरला. मावशी आम्हा दोघींच्या मधोमध चालायला लागली. तळ्यातून काही बुडबुडलं की ती उडायची. बसथांबा येईपर्यंत तिने रस्ताभर आम्हाला, टायरवाल्याला आणि जगातल्या एकूण एक पाखरांना शिव्या घातल्या.